राक्षसभुवनची मोहीम : मार्गावरील खुणा आणि मराठी वाङ्मय

१. प्रास्ताविक

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा परिसरातून गोदाकाठच्या राक्षसभुवनला जाणारा प्रवासी बहुधा शनिदर्शनासाठी जात असतो. १० ऑगस्ट १७६३ रोजी याच काठावर पेशवे माधवराव व रघुनाथराव यांच्या फौजेने निजामअलीच्या पिछाडीचा पराभव केला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. पाठ्यपुस्तकांत हा प्रसंग ‘मराठ्यांचा निजामावरील विजय’ म्हणून येतो. हे वर्णन चुकीचे नाही. परंतु अपुरे आहे. मोहिमेच्या मार्गावरील स्थळे क्रमाने वाचली, तर या विजयाची सुरुवात एका गृहकलहात झाली होती, हे ध्यानात येते. या वाचनाची दिशा सुचविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. मार्गाचा आरंभ

मोहिमेची पहिली खूण गोदावरीवर नाही. ती घोडनदीच्या काठी आणि आळेगावला आहे. नोव्हेंबर १७६२ मध्ये चुलत्या-पुतण्यांच्या फौजा तेथे परस्परांशी लढल्या. रघुनाथरावांनी निजामअलीचे साहाय्य घेतले होते. १२ नोव्हेंबरच्या पराभवानंतर राज्य दुभंगू नये म्हणून माधवराव स्वतः चुलत्याच्या स्वाधीन झाले. कारभार हाती येताच रघुनाथरावांनी मिरजेवर चाल केली. तेव्हा गोपाळराव पटवर्धन निजामाला जाऊन मिळाले. नागपूरचे जानोजी भोसलेही त्याच बाजूस गेले. निजामअलीने स्वतः १७६२ मध्येच थोरला भाऊ सलाबतजंग याला पदच्युत करून सत्ता घेतली होती. म्हणजे दोन्ही दरबारांत घरचाच कलह पेटलेला होता.

पुढील मार्ग सरळ नाही. पेशव्यांनी समोरासमोरची लढाई टाळून औरंगाबाद, वऱ्हाड आणि हैदराबादच्या दिशेने मुलूख लुटला. त्याच काळात निजामाच्या फौजेने पुणे लुटले व जाळले. अखेर निजामअली मुख्य फौजेसह गोदावरीपार झाला. नदीला पूर असल्याने पिछाडी दक्षिण तीरावर अडकली. जानोजी आतून फोडले गेले होते. ते ऐन वेळी बाजूला झाले. ज्या रघुनाथरावांनी आळेगावी पुतण्याला नमविले, ते या लढाईत शत्रूच्या वेढ्यात सापडले असता माधवरावांनी त्यांची सुटका केली. औरंगाबादच्या तहाने ८२ लक्षांचा मुलूख पेशव्यांना मिळाला आणि त्यातील ३२ लक्षांचा जानोजींकडे गेला. तथापि, १७६६ साली याच जानोजींवर पेशव्यांनी निजामाला सोबत घेऊन स्वारी केली. ‘आपले’ आणि ‘परके’ यांतील सीमारेषा किती अस्थिर होती, हे यावरून दिसते.

३. खुणांचे तीन प्रकार

अभ्यासकापुढे तीन प्रकारच्या खुणा आहेत. पहिली खूण पत्रांतील मुक्कामाची. वासुदेवशास्त्री खरे यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आणि गो. स. सरदेसाई संपादित पेशवे दप्तरातील निवडी यांत ती शोधावी लागते. तेथे अरबी महिने व सुहूर सन येतात. या सनाचे वर्ष मृगारंभी बदलत असल्याने आळेगाव ‘सलास सितैन’ म्हणजे ११६३ मध्ये, तर राक्षसभुवन ‘अर्बा सितैन’ म्हणजे ११६४ मध्ये पडते. दोन्ही घटनांत नऊ महिन्यांचेही अंतर नाही. केवळ सन पाहून दप्तर चाळणाऱ्याच्या हातून हा दुवा सहज निसटतो.

दुसरी खूण वाङ्मयाची. वि. ज. कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) हे नाटक आणि रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) ही कादंबरी यांनी माधवरावांची प्रतिमा घडविली. दोहोंचे लक्ष प्रामुख्याने व्यक्तीवर आहे. त्यामुळे माधवरावांचा १८ नोव्हेंबर १७७२ रोजी जेथे अंत झाला, ते थेऊर वाचकाच्या मनात ठसले. त्या तुलनेने गोदाकाठाला या कृतींत किती स्थान मिळते, हे विद्यार्थ्यांनी मूळ संहितेवरून तपासावे.

तिसरी खूण प्रत्यक्ष भूमीची. येथे खरी खूण नदीच आहे, कारण लढाईचा निकाल तिच्या पुराने ठरविला. परंतु वरच्या अंगाला पैठण येथे जायकवाडी धरण झाल्यापासून तिचा प्रवाह नियंत्रित आहे. आजचे पात्र पाहून १७६३ च्या श्रावणातील गोदावरीची कल्पना येणार नाही.

४. समारोप

बीड जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. चकलांब्याचा विद्यार्थी पुणेकेंद्री साधनांत ‘आमची फौज’ असे वाचतो, तेव्हा त्या ‘आम्हां’त त्याचे गाव नेमके कोठे बसते, हा प्रश्न त्याला पडणे स्वाभाविक आहे. मारला गेलेला दिवाणही मराठी भाषकच होता. वर्गात राक्षसभुवन शिकविताना आळेगाव वगळले, तर विजय उरतो, पण त्याची किंमत दिसत नाही. दोन्ही स्थळे एकाच नकाशावर, एकाच तासाला ठेवणे हे अध्यापकाच्या हातातले आहे. निदान आपल्या तालुक्यातील घटनेपुरती तरी त्याने ही जबाबदारी घ्यावी.