सुगी सरली, वाचनालयात चला

शिमगा होऊन गेला. गहू, हरभरा घरात आला. खळी रिकामी झाली. कडुनिंबाला नवी पालवी फुटली, आंब्याला कैऱ्या लागल्या. चैत्र आला.

काम संपलं असं नाही. नांगरट आहे, शेणखत टाकायचं आहे, लग्नसराई आहे. पण दुपारचं ऊन रणरणू लागलं की माणूस सावली धरतो, पारावर बसतो. पोरांच्या परीक्षा होतात, शाळेला सुट्टी लागते. मग पोरं उन्हातान्हात हिंडतात.

या दिवसांत नव्यानं वाचायला शिकलेल्यांकडून एक चूक होते. वर्ग संपला, म्हणून पुस्तक फळीवर ठेवलं जातं. पुढं पेरणी येते, खुरपणी येते. दिवाळीला पुस्तक काढावं, तर जोडाक्षरं अडतात. खुंटीला टांगलेल्या विळ्याला गंज चढतो. अक्षरांचंही तसंच आहे.

म्हणून आम्ही म्हणतो, सुगी सरली की वाचनालयात चला.

वाचनालय कुणाचं?

सार्वजनिक वाचनालय सर्वांचं असतं. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. या कायद्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकार अनुदान देतं. तो पैसा लोकांचाच. तेव्हा तिथं जाताना बिचकू नका. पुस्तक घ्यायला शाळेचा दाखला लागत नाही.

चैत्र-वैशाखातले कार्यक्रम

उन्हाळ्यात चार माणसांनी जमून चांगलं ऐकावं, ही चाल जुनी आहे. पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी ती सुरू केली. अजूनही ती उन्हाळ्यात भरते.

एप्रिल महिन्यात चांगले दिवस येतात. ११ एप्रिलला जोतीराव फुले यांची जयंती असते. १४ एप्रिलला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असते. बाबासाहेबांनी आपली पुस्तकं नीट राहावीत म्हणून मुंबईत दादरला राजगृह हे घर बांधलं. त्यांची आठवण म्हणून कितीतरी ठिकाणी लोक अठरा तास बसून वाचन करतात. २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन असतो.

सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरजवळ भिलार नावाचं गाव आहे. ते स्ट्रॉबेरी पिकवणारं गाव. ४ मे २०१७ पासून ते 'पुस्तकांचं गाव' झालं. तिथं गावकऱ्यांच्या घरांत पुस्तकं मांडली आहेत. कुणीही यावं, बसून वाचावं.

आपल्या गावात एवढं मोठं काही नको. तीन साधे कार्यक्रम पुरेत.

पहिला, गोष्टीचा तास. दुपारी पोरं जमवावीत. एका मोठ्या माणसानं गोष्ट सांगावी. मग एका पोरानं पुस्तकातली गोष्ट मोठ्यानं वाचावी.

दुसरा, ओव्यांची वही. आजीनं जात्यावरची ओवी म्हणावी, नातीनं ती लिहून घ्यावी. मग वही आजीपुढं ठेवावी आणि म्हणावं, "आजी, आता तू वाच." ओवी आजीला पाठ असते. त्यामुळं अक्षर ओळखायला सोपं जातं. आपल्या तोंडची ओवी कागदावर पाहिली की आजीलाही हुरूप येतो.

तिसरा, मोठ्यांची वाचनाची बैठक. दिवेलागणीनंतर बसावं. वर्तमानपत्रातली एक बातमी घ्यावी. एकानं दोन ओळी वाचाव्यात, दुसऱ्यानं पुढच्या दोन. कधी घरचे कागद आणावेत. बँकेचं पासबुक, विजेचं बिल, सातबारा.

एका दादांचा सातबारा

अशाच एका बैठकीत एक दादा सातबारा घेऊन आले. आम्ही शेजारी बसलो होतो. दादा ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचू लागले. गावाचं नाव वाचलं, गट नंबर वाचला. पुढं नाव आलं. दादा थांबले.

"हे तर आमच्या आबांचं नाव. आबा जाऊन नऊ वर्षं झाली. माझं नाव कुठं आहे?"

नाव नव्हतंच. घरच्यांनी वारसनोंदीचा अर्जच दिला नव्हता. तो उतारा दादांच्या ट्रंकेत नऊ वर्षं होता, पण वाचला कुणी नव्हता. दुसऱ्या दिवशी दादा आपल्या बहिणींना घेऊन तलाठ्याकडे गेले. अर्ज दादांनी स्वतः वाचला आणि मग सही केली. बहिणींची नावंही अर्जात घातली, कारण वारस त्याही होत्या.

दादा आम्हाला म्हणाले, "गुरुजी, मी या बैठकीला येणारच नव्हतो. माझा पोरगा भरभर वाचतो. त्याच्यापुढं अडखळायची लाज वाटत होती."

लाज कशाची?

लाज धरू नका. फुले दांपत्यानं १८५५ साली कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. दिवसभर राबलेली मोठी माणसं तिथं शिकायला येत. त्यांनीही अक्षरावर बोट ठेवूनच सुरुवात केली असेल.

पोराचा हात धरून वाचनालयात जा. त्याला गोष्टीचं पुस्तक द्या, तुम्ही मोठ्या अक्षरांचं घ्या. तुम्ही अडलात की पोर सांगेल. ते अडलं की अर्थ तुम्ही सांगा. अक्षर त्याला जास्त येत असेल, पण पीकपाणी आणि व्यवहार तुम्हाला जास्त कळतो.

ग्रंथपालांना विचारा, सभासद कसं व्हायचं, वर्गणी किती, अनामत किती. बायांसाठी वेगळी वेळ हवी असेल, तर तसं सांगा. गावात वाचनालय नसेल, तर शाळेच्या गुरुजींना किंवा बाईंना भेटा. सुट्टीत एक खोली आणि एक पुस्तकांची पेटी उघडी ठेवता येईल का, ते विचारा.

मिरगाचा पाऊस यायला अवकाश आहे. तोवर एक तरी पुस्तक पुरं करा.

सांगा पाहू

१. वाचलं नाही तर अक्षरांचं काय होतं?
२. दादांना सातबाऱ्यात काय दिसलं?
३. अर्जात बहिणींची नावं का घातली?
४. तुमच्या ट्रंकेत कोणते कागद आहेत? त्यातला एक आज वाचा.