आधी नंबर, मग गाडी

आमच्या शेडमध्ये एक लाल गाडी उभी आहे. लांबट बॉनेट, सुटे मडगार्ड, मागे उघडी पेट्रोलची टाकी आणि टाकीवर स्टेपनी. जाणकार माणूस लांबूनच म्हणतो, ही एमजी टीडी. ती टीडी नाही. इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९५० ते १९५३ या काळात बनलेल्या त्या गाडीची मी घरी केलेली प्रतिकृती आहे. पहिल्या सेल्फला सुरू होते. पण शेडच्या दारासमोरच्या डांबरी रस्त्यावर मी तिला एक फूटही नेऊ शकत नाही. असं का झालं ते सांगतो, कारण गेल्या दोन वर्षांत अशीच गाडी बांधायला निघालेली चार तरुण मुलं माझ्याकडे सल्ल्याला येऊन गेली, आणि चौघांचाही पहिला प्रश्न इंजिनाचा होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी तीस वर्षं टूलरूममध्ये काम केलं. माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. तिथे दुरुस्तीला आलेल्या एका टीडीशेजारी ते उभे आहेत असा एक फोटो घरात होता. निवृत्तीनंतर ती गाडी बांधायचीच, हे मनात फार वर्षांपासून पक्कं होतं. २०१७ साली एका ओळखीच्या डॉक्टरांकडून १९९५ ची प्रीमियर पद्मिनी पस्तीस हजारांना घेतली. चालू आरसी बुक, कागदपत्रं चोख. मला वाटलं, कागदाचं काम झालं. सगळ्या चुकांचं मूळ या एका वाटण्यात आहे.

पद्मिनीला जीपसारखी वेगळी चासी नसते. पत्र्याचं अंग हीच तिची चासी, आणि चासी नंबरही त्या अंगावरच ठोकलेला. टीडीला मात्र खाली शिडीसारखी चासी आणि वर लाकडी सांगाड्यावर मढवलेला पत्रा. म्हणजे मला पद्मिनीतून इंजिन, गिअरबॉक्स, पुढचं सस्पेन्शन, मागचा एक्सल आणि पाटे एवढंच घेता येणार होतं, बाकीचं अंग भंगारात. चॅनल आणून नवी चासी वेल्ड केली. पद्मिनीचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर असतो. तो खाली मधोमध आणायला लिंकेज तीनदा बदललं. सागाचा सांगाडा सुताराकडून करून घेतला, पत्रा मी स्वतः ठोकला. साडेचार वर्षं आणि सव्वापाच लाख रुपये गेले. एवढ्या काळात मी आरटीओची पायरी एकदाही चढलो नाही.

जानेवारी २०२२ मध्ये चढलो. हातात पद्मिनीचं आरसी बुक आणि नव्या गाडीचे फोटो. मागणी एवढीच, की बॉडीचा प्रकार बदलून द्या. इन्स्पेक्टर साहेब वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी सगळे फोटो सावकाश पाहिले आणि विचारलं, "काका, पद्मिनी कुठे आहे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ काढून दाखवलं. उत्पादकाने मुळात जे नमूद केलं त्याच्याशी आरसीतला तपशील जुळणार नाही, असा बदल मालकाने करायचा नाही. परवानगीने त्याच बनावटीचं दुसरं इंजिन बसवता येतं, मान्यताप्राप्त सीएनजी किट बसवता येतं, अपंग व्यक्तीसाठी गाडीत फेरफार करता येतात. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडीच्या मूळ रचनेत बदल चालणार नाही असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२-अ आलं. त्यानुसार बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही. माझ्या गाडीत बदल किती, हे मोजायलाच नको. पद्मिनीचं काही उरलंच नव्हतं.

मग मी विचारलं, नवी गाडी म्हणून नोंद करा. ते म्हणाले, फॉर्म २० तुम्ही भराल, पण सोबत फॉर्म २१ म्हणजे विक्रीचा दाखला, आणि फॉर्म २२ म्हणजे गाडी सुरक्षा-प्रदूषणाच्या नियमांत बसते असा उत्पादकाचा दाखला लागतो. तो कोण देणार? मी म्हणालो, मी देतो, मीच बनवली आहे. ते हसले नाहीत, याबद्दल आजही त्यांचे आभार मानावेसे वाटतात. म्हणाले, "मग तुम्हाला नियम १२६ लागू होतो. पुण्याला विचारा."

नियम १२६ म्हणजे गाडीचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेणे. आपल्याकडे पुण्यात वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, नगरला व्हीआरडीई आहे. मी चौकशी केली, आणि प्रकरण माझ्या आवाक्याबाहेरचं आहे हे अर्ध्या तासात कळलं. ही सगळी व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यासाठी आखलेली. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाडीला बीएस-६ लागू, आणि माझं १०८९ सीसीचं कार्बोरेटरवालं इंजिन त्याच्या जवळपासही जाणार नाही. पुढून धडकेची चाचणी असते, ताशी ५६ किलोमीटर वेगाने. माझ्याकडे एकच गाडी. ती आपटली तर दाखला कशाचा घ्यायचा?

माझा भाचा कॉव्हेंट्रीला असतो. त्याने तिकडे लोटस सेव्हनच्या धर्तीची गाडी घरी बांधून रस्त्यावर आणली. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्या गाडीसाठी आयव्हीए नावाची स्वतंत्र तपासणी आहे. सरकारी परीक्षक ती एकच गाडी तपासतो, काही मोडतोड न करता. पण ते सोपं आहे असं कुणी समजू नये. बाहेरून अंगाला लागू शकणारी कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येची गोल हवी, स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवता कामा नये, आणि गाडी हौसेने स्वतः बांधली हे पावत्या आणि फोटो दाखवून सिद्ध करावं लागतं. भाचा म्हणाला, "मामा, मी पहिला नट घ्यायच्या आधी तपासणीची नियमावली छापून भिंतीला लावली होती." एवढं एक वाक्य मला २०१७ साली कुणी सांगायला हवं होतं. आपल्याकडे अशी एकट्या गाडीची वाट असावी असं मला मनापासून वाटतं. आज ती नाही, आणि आज गाडी बांधायला घेणाऱ्याने आजच्या कायद्यावरच चालावं.

यानंतरचा महिना मला सांगायला जड जातो. एका एजंटाने चाळीस हजार मागितले, म्हणाला पासिंग करून देतो, गाडी दाखवायचीही गरज नाही. वेल्डिंगवाला म्हणाला, "मालक, पद्मिनीच्या नंबराचा पत्रा कापून नव्या चासीवर बसवू, वर रंग मारू, कुणाच्या बापाला कळणार नाही." एजंटाला मी नाही म्हटलं. पण तो पत्रा मी जपून ठेवला होता, आणि एका रात्री चासीवर ठेवून माप घेतलं, जागेवरचा रंगही घासला. सकाळी तो पुन्हा कपाटात टाकला. चासी नंबरात फेरफार हा गुन्हा आहेच, पण त्या रात्री मला थांबवलं ते इन्स्पेक्टर साहेबांच्या दुसऱ्या प्रश्नाने. निघताना त्यांनी मागच्या टाकीचा फोटो पुन्हा पाहिला होता. "मागून ट्रकने धडक दिली तर ही टाकी कुठे जाईल?" त्या टाकीपुढे सीट आहे. टाकी मी घरी पत्रा वाकवून केली आहे, वेल्डिंग माझं, आणि ते किती जोर सोसतं हे मला ठाऊक नाही. त्या सीटवर माझी नात बसणार होती.

आता जे तरुण येतात त्यांना मी आधी खुर्चीवर बसवतो आणि गाडीबद्दल बोलूच देत नाही. विचारतो, फॉर्म २२ कोण देणार? उत्तर नसेल तर जुनी गाडी कापू नका. आधीच कापली असेल, तर तिचं आरसी बुक कपाटात जपू नका. गाडी कायमची निकामी झाली की कलम ५५ प्रमाणे चौदा दिवसांत किंवा लवकरात लवकर कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. मी ती चार वर्षं उशिरा केली. नोंदणी नसेल तर विमा नाही, आणि विमा नसताना कुणाला धक्का लागला तर भरपाई घरदार विकून द्यावी लागेल. शेतातल्या रस्त्यावर चालवू म्हणणाऱ्यांनी कलम ३९ नीट वाचावं. त्यात सार्वजनिक ठिकाणासोबत 'इतर कोणतेही ठिकाण' असेही शब्द आहेत. प्रदर्शनाला न्यायची तर टेंपोवर चढवून न्यावी.

आणखी एक गैरसमज हमखास निघतो, व्हिंटेज नंबराचा. जुलै २०२१ च्या नियमांनी 'व्हीए' अक्षरांची वेगळी मालिका आली, नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षं. पण ती पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीसाठी, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार न झालेल्या गाडीसाठीच आहे. जुनी दिसणारी गाडी त्यात बसत नाही. शिवाय तो नंबर घेऊन रोज बाजारात जाता येत नाही, रॅली, प्रदर्शन, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरताच गाडीचा वापर.

पण हात शिवशिवतात त्यांच्यासाठी खरी वाट मला याच नियमात दिसते. बांधण्याऐवजी जगवा. गेल्या दिवाळीत मी सांगलीजवळच्या एका गोठ्यातून १९६८ ची फियाट घेतली. तळ गंजलेला, इंजिन जाम, चारही ड्रम अडकलेले. काम लाल गाडीइतकंच आहे, पण प्रत्येक भाग होता तसाच परत आणायचा आहे. त्या गोठ्यात शिरलो तेव्हा बॉनेट उघडून इंजिन पाहण्याआधी खिशातून पांढरा कागद आणि पेन्सिल काढली, चासी नंबरावर कागद धरून घासलं, आणि उमटलेला एकेक आकडा मालकाच्या आरसी बुकाशी ताडून पाहिला. मग पैशांचं बोललो.