भाडेकरू हलत नाही तेव्हा

अगं, मुदत संपून दीड महिना झाला, भाडेकरू जागचा हलत नाही आणि तिकडे दुबईत बसून मालक उंटावरून शेळ्या हाकतोय. परदेशातल्या लोकांचे फ्लॅट सांभाळायचे म्हटल्यावर हे आज ना उद्या व्हायचंच होतं. घाबरू नकोस. फक्त मालकाच्या सांगण्यावरून भलतं काही करू नकोस. "सोसायटीला सांगून पाणी बंद कर," "तो गावी गेला की कुलूप बदल," असे सल्ले तो देणारच. पण प्रकरण पोलिसांत गेलं की तक्रारीत नाव तुझं येतं, कारण दारात तू उभी होतीस.

राहत्या घराचं लिव्ह अँड लायसन्स असेल तर कायदा खरं म्हणजे तुझ्या बाजूचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम २४. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याने बचावाची परवानगी मागायची. मागितली नाही तर तुमचं म्हणणं त्याला मान्य आहे असं धरून हुकूम होतो. मागितली तरी लेखी करारात जे आहे तोच निर्णायक पुरावा. दुकानाला मात्र हे कलम लागू नाही आणि पागडीचे जुने भाडेकरू हे तर वेगळंच प्रकरण. त्यात आत्ता शिरू नकोस.

इतकं सुटसुटीत आहे तर मग वेळ जातो कुठे? लोक तारखांना शिव्या घालतात. तारखा पडतातच, पण माझ्या मते त्याहून जास्त वेळ जातो तो अर्ज दाखल होण्याआधी आणि समन्स बजावताना. आणि तिथे तुला बरंच काही करता येतं.

अर्ज मालकाचा. "सगळं मीच बघते" हे तिथे चालत नाही, कुलमुखत्यारपत्र लागतं. बहुतेकांच्या कागदात करार करणं आणि भाडं घेणं एवढंच लिहिलेलं असतं. दावे चालवण्याचा अधिकार त्यात स्पष्ट लिहून घे. परदेशात केलेला कागद इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याचं मुद्रांक शुल्क भरावं लागतं, हे मालकाला ठाऊक नसतं. म्हणून यापुढे फ्लॅट ताब्यात घेतानाच हा कागद मागवत जा, भांडण पेटल्यावर नाही. आणि करार नोंदवलेलाच हवा. नोंदणीची जबाबदारी कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरतात आणि खोडून काढायचं ओझं तुमच्यावर.

आता समन्स. बेलिफ भर दुपारी येतो तेव्हा भाडेकरू कामावर. "दरवाजा बंद" असा शेरा पडला की गेली तारीख. पुन्हा तेच. त्यामुळे अर्जात त्याचा ऑफिसचा आणि गावचा पत्ताही घाल, घरी केव्हा सापडतो ते वॉचमनकडून काढ आणि दारावर समन्स चिकटवायची परवानगी मागायला वकिलाच्या मागे लाग. तुझी नोटीस "घेण्यास नकार" असा शेरा घेऊन परत आली तर वैतागून लखोटा फोडू नकोस हं! तो बंद लखोटा, वरच्या शेऱ्यासकट, तसाच वकिलाकडे द्यायचा.

नोटिशीतून "गंभीर परिणाम भोगावे लागतील" वगैरे काढून टाक. कराराचा नोंदणी क्रमांक, मुदत संपल्याची तारीख, ताबा कधी हवा आणि मुदतीनंतर कायद्याने दुप्पट शुल्क लागतं, एवढं पुरे. दरम्यान त्याने पैसे पाठवले तर त्याच दिवशी लेखी कळव, की ही रक्कम भाडं म्हणून नव्हे, मुदतीनंतरच्या वापराची भरपाई म्हणून आणि आमचे हक्क राखून घेतली आहे. नाहीतर त्याचा वकील म्हणेल, करार पुढे चालू झाला.

मालकाला "दोन महिन्यांत होऊन जाईल" असं चुकूनही सांगू नकोस. हुकुमावर अपील नसलं तरी ९० दिवसांत शासनाकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो आणि त्यात स्थगिती मिळाली की मुक्काम वाढतो. हे त्याला आत्ताच ईमेलने कळव.

आणि एकदा भाडेकरूला जाऊन भेट, वकील न घेता. पुष्कळदा अडलेलं असतं ते डिपॉझिटवर. घर सोडलं की पैसे बुडाले अशी त्याला धास्ती असते, आणि आधीच्या घरमालकाने खरंच बुडवलेले असतात. नाहीतर मुलीची दहावी असते. मार्चअखेर जातो म्हणाला तर तारीख घालून संमतीपत्र करा आणि प्राधिकाऱ्यासमोर दाखल करा. तोंडी शब्दावर अर्ज मागे घेऊ नकोस. डिपॉझिटचा हिशेब ताब्याच्या दिवशी, एकाच टेबलावर. इकडे किल्ल्या, तिकडे बँकेचा मेसेज. त्याआधी गीझर, पंखे, नळ चालवून बघ, दोघांच्या सह्यांची यादी कर आणि वीजमीटरच्या आकड्याचा फोटो काढून दुबईला पाठव. थकलेल्या बिलाचा विषय तिकडून निघणारच आहे.