कॅज्युअल्टीतले बोलणे कसे मोजतात?

उसाची गाडी काट्यावर चढते, दुधाची फॅट डेअरीत मोजली जाते. मग इस्पितळात आपल्याशी कोण कसे बोलले, हे मोजता येईल काय? पुष्कळांना हा प्रश्न विचित्र वाटेल. परंतु अशी रीत आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे.

हे मोजायचे कशासाठी, ते प्रथम पाहू. साप चावला किंवा छातीत कळ आली, की रुग्णाला कॅज्युअल्टीत नेतात. तेथे ओळखीचे कोणी नसते. एकजण नाडी पाहतो, दुसरा सुई टोचतो, तिसरा एक्स-रेला नेतो. पाळी बदलली की माणसेही बदलतात. अशा घाईत इलाज बरोबर झाला, पण घरी कोणती गोळी केव्हा घ्यायची आणि काय झाल्यास लगेच परत यायचे, हे रुग्णाला उमगलेच नाही, तर तो इलाज अर्धाच राहिला.

अमेरिकेत ग्रेगरी माकूल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत सोप्या भाषेतली १५ विधाने आहेत. मला आदराने वागवले. मध्ये न तोडता बोलू दिले. समजेल अशा शब्दांत सांगितले. मला समजले की नाही याची खात्री केली. पुढे काय करायचे ते सांगितले. अशा तऱ्हेची ती आहेत. प्रत्येक विधानाला रुग्णाने १ ते ५ गुण द्यायचे. १ म्हणजे वाईट, ५ म्हणजे उत्कृष्ट.

हिशेब करताना सरासरीपेक्षा 'उत्कृष्ट' हा शेरा किती टक्के मिळाला, ते पाहतात. कारण बहुतेक रुग्ण भिडेने चांगलेच गुण देतात. सरासरी पाहिली तर सगळेच ठीक दिसते आणि उणे कोठे आहे ते कळत नाही.

पुढे २००८ साली हीच प्रश्नावली एका डॉक्टरऐवजी सगळ्या पथकाला लागू पडेल अशी बदलून, एका मोठ्या शहरी इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत ८१ रुग्णांवर वापरून पाहिली. आदराने वागवणे, लक्ष देणे आणि काळजी दाखवणे या तिन्हींना ६९ टक्के रुग्णांनी 'उत्कृष्ट' म्हटले. पण प्रश्न विचारण्यास उत्तेजन देणे ५४ टक्क्यांवर आले, आणि निर्णयात रुग्णाला हवे तितके सामील करणे ५३ टक्क्यांवर. म्हणजे माया होती, पण विचारायला वाव कमी होता.

या मापाची एक उणीव ध्यानात घ्यावी. अत्यवस्थ रुग्ण आणि इंग्रजी न बोलणारे रुग्ण यांना त्या पाहणीतून वगळले होते. ज्याला भाषा येत नाही, त्यालाच समजून घेण्याची अडचण सर्वांत मोठी. आणि मापात तोच नाही! सीमाभागात कन्नड, बडोद्यात गुजराती, हैदराबादेत तेलुगू बोलणाऱ्या कर्मचाऱ्यांपुढे आपली म्हातारी माणसे नुसती मान हलवतात. मान हलवली म्हणजे समजले, असे नव्हे. तेव्हा अशी पाहणी आपल्याकडे कोणी केली, तर प्रश्न रुग्णाच्या भाषेत असावेत. ज्याने सुई टोचली त्यानेच ते विचारू नयेत, नाहीतर भीतीपोटी सगळेच 'उत्कृष्ट' म्हणतील.

आपल्या हाती काय आहे? कॅज्युअल्टीतून निघण्यापूर्वी रुग्णाने किंवा सोबतच्या माणसाने चार गोष्टी विचाराव्यात:

१. मला काय झाले आहे?
२. कोणते औषध, केव्हा आणि किती दिवस?
३. कोणते लक्षण दिसल्यास तत्काळ परत यावे?
४. पुन्हा दाखवायला केव्हा व कोणाकडे यावे?

उत्तरे ऐकून झाल्यावर ती आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावीत. चूक असेल तर तेथेच दुरुस्त होईल. विचारण्यात उद्धटपणा नाही. भाषा येत नसेल तर ती जाणणारा शेजारी बरोबर न्यावा. आणि इस्पितळाने अभिप्रायाचा कागद दिला, तर भिडेने पाचावर खूण न करता खरे ते लिहावे. आपल्या खऱ्या गुणांचा फायदा पुढे येणाऱ्या रुग्णाला होतो.