इंजिन थांबल्यावर



छोट्या विमानाचे एकुलते एक इंजिन हवेत बंद पडले, तरी विमान लगेच कोसळत नाही. नाक थोडे खाली ठेवून ते ग्लाइड करत उतरते. सेसना १७२ सुमारे ६५ नॉट वेगाने ग्लाइड करताना एक मीटर उंची खर्चून साधारण नऊ मीटर पुढे सरकते. जर्मनीत मोटारविमानाने एका ठिकाणाहून दुसरीकडे जाताना जमिनीपासून किमान ६०० मीटर उंची राखावी, असा नियम आहे. वारा नसेल तर तेवढ्या उंचीवरून पाचेक किलोमीटर अंतर आणि अडीच मिनिटे हाती येतात. शेत निवडून उतरायला तेवढे पुरते, पण वेग राखला तरच. वेग गमावला की पंखांवरचा हवेचा प्रवाह तुटतो आणि स्टॉल होतो. उड्डाणाचे आद्य प्रयोग करणाऱ्या ऑटो लिलियेन्थालच्या ग्लायडरला इंजिन नव्हतेच. ९ ऑगस्ट १८९६ रोजी श्ट्योल्नजवळच्या गोलेनबर्ग टेकडीवर त्याच्या यंत्राचे नाक उचलले गेले, वेग मेला आणि सुमारे १५ मीटरवरून तो खाली आला. दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये त्याचा मृत्यू झाला.

इंजिन थांबण्याची बरीच कारणे जमिनीवरच पकडता येतात. इंधन कमी असणे, टाकी निवडणारा सिलेक्टर रिकाम्या टाकीवर राहणे आणि इंधनात पाणी असणे ही नेहमीची. टाकीच्या तळातून काढलेल्या नमुन्यात निळसर अ‍ॅवगॅसखाली (विमानाच्या पेट्रोलखाली) पाण्याचा थेंब वेगळा दिसतो. सगळा नमुना रंगहीन दिसला तर समाधान मानू नये. नळीत निव्वळ पाणीच आलेले असू शकते.

कार्ब्युरेटरमधला बर्फ कोरड्या हवेत शिकलेल्याला सहसा भेटत नाही. जर्मनीतल्या दमट वसंतात आणि शरदात तो वारंवार भेटतो. इंधनाची वाफ होताना आणि हवेचा दाब उतरताना कार्ब्युरेटरमधले तापमान वीस अंशांहूनही अधिक घसरू शकते. त्यामुळे बाहेर १५ अंश असतानाही आत बर्फ धरतो. ज्या विमानांत पात्यांचा कोन बदलत नाही, त्यांत आरपीएम हळूहळू घटणे ही त्याची पहिली खूण. अशा वेळी कार्ब्युरेटरला गरम हवा देणाऱ्या ‘कार्ब हीट’ची मूठ पूर्ण बाहेर ओढावी. वितळलेले पाणी आत गेल्याने इंजिन आधी आणखी खडखडते, आरपीएम आणखी उतरतात. नवशिका नेमका इथे घाबरून मूठ परत आत ढकलतो. ती तशीच राहू द्यावी. बर्फ गेला की इंजिन पूर्ववत चालते.

दोन इंजिने असली म्हणजे निभावतेच असे नाही. ४ मार्च २००७ रोजी श्पायर येथे डायमंड डीए-४२ विमानाची बॅटरी उतरलेली होती. दोन्ही इंजिने बाहेरच्या वीजपुरवठ्यावर सुरू करण्यात आली. दुसरे इंजिन विमानाच्या स्वतःच्या विजेवर सुरू करावे, असे विमानाच्या पुस्तिकेत सांगितले होते. तसे केले असते तर बॅटरीची अवस्था जमिनीवरच कळली असती. उड्डाणानंतर चाके आत घेताना विजेचा दाब कोसळला, इंजिनांचे संगणकीय नियंत्रण खंडित झाले आणि दोन्ही इंजिने बंद पडली. विमान धावपट्टीपलीकडच्या शेतात उतरवावे लागले. चेकलिस्टमधली ओळ निरर्थक वाटली, तरी ती गाळू नये.

उड्डाणानंतर लगेच, कमी उंचीवर इंजिन गेले तर नाक तत्काळ खाली घ्यावे आणि समोर किंवा थोडे डावी-उजवीकडे दिसेल त्या मोकळ्या जागेत उतरावे. मागे धावपट्टी दिसत असते, म्हणून वळण्याचा मोह होतो. ४५ अंश कलून उंची राखत वळताना स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो. कलणे कमी ठेवले तर वळण लांबते आणि उंची संपते. किती उंचीखाली मागे वळायचे नाही, हे धावपट्टीवर जाण्यापूर्वीच मोठ्याने म्हणून घ्यावे.

उंची असेल तर क्रम असा: आधी ग्लाइडचा वेग, मग शेत, मग कारणाचा शोध. कार्ब हीट, सिलेक्टर, इंधन पंप, मिक्स्चर, मॅग्नेटो एवढे तपासावे. मग चालू फ्रिक्वेन्सीवर, नाहीतर १२१.५ मेगाहर्ट्झवर ‘मेडे’ हा संकटसंदेश द्यावा आणि ट्रान्सपाँडरवर ७७०० हा संकटाचा संकेतांक लावावा. बोलण्याच्या नादात वेगावरची नजर हटू नये.

वाऱ्याची दिशा पवनचक्क्यांवरून कळते. त्यांची तोंडे वाऱ्याकडे वळलेली असतात. कापणी झालेले गव्हाचे शेत उत्तम. उंच मका आणि द्राक्षमळे टाळावेत. मळ्यांत खांब आणि तारा असतात. विजेची तार वरून दिसत नाही, म्हणून मनोऱ्यांची रांग शोधावी. एकदा निवडलेले शेत सबळ कारणाशिवाय बदलू नये.

उतरणे नक्की झाले की इंधन आणि मॅग्नेटो बंद करावेत, पट्टे आवळावेत, दार किंचित उघडून ठेवावे. फ्लॅप्स विजेवर चालत असतील तर ते पूर्ण लावल्यावरच मास्टर स्विच बंद करावा. ६५ऐवजी ४५ नॉटने टेकले तर विमानातली गतिज ऊर्जा निम्म्याहूनही कमी असते. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर, शक्य तितक्या मंद पण ताब्यातल्या वेगाने टेकावे. विमान मोडले तरी चालेल. आतली माणसे वाचली पाहिजेत.

थांबल्यावर सर्वांनी विमानापासून दूर जावे आणि ११२ ला फोन करावा. अपघाताची खबर ब्राउनश्वाइग येथील विमान अपघात तपास कार्यालयाला विनाविलंब द्यावी लागते. शेतमालकाला वैमानिक, विमानधारक आणि विमा कंपनी यांची माहिती देणे कायद्याने बंधनकारक आहे. इंजिन पुन्हा सुरू झाले, तरी त्याच शेतातून परवानगीशिवाय उड्डाण करता येत नाही.