पुढचा ॲक्सल बदलताना : चारही चाकांना गती देणाऱ्या पिकअप ट्रकांचा एक अभ्यास

जीपगाडी खेड्यापाड्यांतील जनतेला अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीपला 'डाना २५' या नावाने ओळखला जाणारा पुढचा ॲक्सल (आस) होता. त्याच कुळातील 'डाना ४४' व 'डाना ६०' हे अधिक भक्कम ॲक्सल अमेरिकेतील पिकअप ट्रकांना बसविले गेले. तेथील शेतकरी व वाहनहौशी हलक्या ट्रकाचा 'डाना ४४' काढून त्या जागी जुन्या, अवजड ट्रकाचा 'डाना ६०' बसवितात. असा बदल कितपत हितावह, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बळातील तफावत

'डाना ४४' च्या क्राउन व्हीलचा व्यास साधारण ८.५ इंच, तर 'डाना ६०' चा ९.७५ इंच असतो. आतील शाफ्टची जाडी अनुक्रमे सुमारे १.३१ व १.५ इंच असते. पोलाद एकाच प्रतीचे असल्यास शाफ्टची पीळ सोसण्याची शक्ती व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे जाडीतील हा अल्प फरक बळात मात्र दीडपट होतो. तथापि पुष्कळ जुन्या 'डाना ६०' मध्ये चाकाकडील बाहेरचा तुकडा ३० खाचांचा, म्हणजे बारीकच असतो. सबब केवळ नाव पाहून खरेदी करू नये; शाफ्ट बाहेर काढून खाचा मोजाव्यात.

जुळणीच्या बाबी

पहिली बाब डिफरन्शियलच्या बाजूची. १९८० च्या दशकातील फोर्ड एफ-३५० मध्ये ते डाव्या बाजूस, तर त्याच काळातील शेव्हरोले के-३० मध्ये उजव्या बाजूस असे. ट्रान्स्फर केसमधून पुढे येणारा शाफ्ट ज्या बाजूस असेल, त्याच बाजूचा ॲक्सल निवडावा लागतो.

दुसरी बाब दंतचक्रांच्या गुणोत्तराची. हीच सर्वांत महत्त्वाची. समजा, पुढे ४.१० व मागे ३.७३ असे गुणोत्तर आहे. चाकांचे १०० फेरे होण्यास पुढचा प्रोपेलर शाफ्ट ४१० वेळा, तर मागचा ३७३ वेळा फिरावा लागेल. परंतु अशा ट्रकांतील सामान्य ट्रान्स्फर केस चारही चाकांची गती जोडल्यावर दोन्ही शाफ्ट सारखेच फिरविते. चिखलात चाके घसरून हा फरक भरून काढतात. डांबरी रस्त्यावर मात्र सारा ताण दाते, जॉइंट व ट्रान्स्फर केस यांवर येतो आणि काहीतरी तुटते. म्हणून पुढचे व मागचे गुणोत्तर समान असलेच पाहिजे.

तिसरी बाब चाके, कमानपाटे, ब्रेक व स्टिअरिंग यांची. 'डाना ६०' च्या चाकास आठ बोल्ट असतात. हलक्या ट्रकाच्या चाकास पाच किंवा सहा. मागचा ॲक्सलही न बदलल्यास एकच स्टेपनी दोन्हीकडे चालत नाही. कमानपाट्यांच्या बैठकांमधील अंतर व स्टिअरिंगचे दांडे यांचाही मेळ पाहावा लागतो. स्टिअरिंगच्या सांध्यातील अपुरी जोडणी वा कच्चे वेल्डिंग प्राणघातक ठरू शकते.

निष्कर्ष

बैलगाडीला नवा आख घातला, म्हणून चाकांचे जुने आरे भक्कम होत नाहीत. त्याचप्रमाणे पुढचा ॲक्सल मजबूत झाला, तरी सांगाडा, मागचा ॲक्सल, टायर व ब्रेक पूर्वीचेच राहतात. वाहनाची भारवहनक्षमता त्यामुळे वाढत नाही. उलट ॲक्सलचे जादा वजन कमानपाट्यांखाली येऊन खडबडीत रस्त्यावर गाडी अधिक आदळते.

आपल्या देशात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. यास्तव जुना ॲक्सल मोडल्यास त्याच प्रकारचा, त्याच गुणोत्तराचा ॲक्सल बसविणे आणि गाडीवर मर्यादेबाहेर भार न घालणे, हाच सुरक्षित व काटकसरीचा मार्ग होय.