एच-इंडेक्स सहा

चि. मुक्तास,

ताई सांगत होती, पोरगी धड जेवत नाही, कुठलासा आकडा कमी आलाय म्हणे. तो आकडा तू मला आधीच कळवला होतास : तुझा एच-इंडेक्स सहा, आणि तू अर्ज केलेल्या जागेसाठीच उभ्या असलेल्या तुझ्या मित्राचा चौदा. माझी उभी नोकरी विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली. बढतीची वेळ आली की प्राध्यापक मंडळी हेच आकडे काढून घ्यायला माझ्या टेबलाशी यायची. म्हणून या बाबतीत चार शब्द हक्कानं लिहितो.

सहा म्हणजे काय, तर तुझ्या सहा निबंधांचा प्रत्येकी निदान सहा वेळा कुणीतरी संदर्भ दिलाय. ही मोजणी भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हर्श यांनी २००५ मध्ये सुचवली. एका आकड्यातून माणसाच्या कामाचा ढोबळ अंदाजच येतो, आणि विषय बदलला की आकड्याची पातळीही बदलते, हे त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवलंय. निवड समित्यांनी आकडा तेवढा उचलला. तुझा मित्र कर्करोगाच्या औषधांवर काम करतो. त्या विषयात जगभर हजारो प्रयोगशाळा. तू रब्बी ज्वारीवर. ती पिकते मुख्यतः महाराष्ट्रात, कर्नाटकात आणि थोडी शेजारी. तिच्यावर लिहिणारेच मूठभर, मग तुझा संदर्भ देणार कोण? शिवाय तुझ्या प्रयोगाला वर्षातून एकच हंगाम मिळतो. मालदांडी ३५-१ हे वाण स्वातंत्र्याच्या आधी मोहोळला निवडलं गेलं आणि आजही शेतकरी ते पेरतात. त्या निवडीचा परिणाम कुठल्या संदर्भसूचीत मावणार आहे?

आता कोसंबींचं घे. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते, तेव्हा १९४४ च्या सुमारास त्यांचा एक छोटासा निबंध इंग्लंडच्या ‘ॲनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये आला. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधलं अंतर पुनर्संयोगाच्या प्रमाणावरून कसं काढायचं, याचं ते सूत्र. हाल्डेन यांचं सूत्र त्याआधी होतं, पण त्यात गुणसूत्रांच्या तुकड्यांची एका ठिकाणची अदलाबदल शेजारच्या अदलाबदलीला अडवते हे धरलेलं नव्हतं. कोसंबींनी ते धरलं. तू ज्वारीच्या जनुकांचा नकाशा करायला बसतेस तेव्हा सॉफ्टवेअर विचारतं, हाल्डेन की कोसंबी? तू कोसंबीवर टिचकी मारतेस आणि पुढे जातेस. निबंधात ‘कोसंबी फंक्शन वापरले’ एवढंच लिहितेस, संदर्भसूचीत त्यांचं नाव नाही. मी तुझे नकाशांवरचे दोन्ही निबंध तपासले, म्हणून सांगतो! तुझ्यासारखे असंख्य आहेत. पद्धत इतकी अंगवळणी पडते की तिचा कर्ता मोजणीतून गळतो. सहलेखकांचं जाळं काढलंस तरी हीच गत. गणितज्ञ पॉल एर्डश यांच्याभोवती पाचशेवर सहलेखकांची दाटी दिसेल. कोसंबी बहुतेक एकटेच लिहीत. त्यांचा ठिपका कडेला सुटा पडेल. त्या चित्रावरून कोण केवढा, हे ठरवायला मी तरी धजणार नाही.

मग हे सगळं टाकाऊ का? मुळीच नाही. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये कुठल्या निबंधाचा संदर्भ कुणी दिला याच्या सूचीची कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये त्यांची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ नियमित निघू लागली, ती मुळात शोधाशोधीसाठी : एखादा जुना निबंध पुढे कुणी, कशासाठी वापरला, याचा माग काढता यावा म्हणून. लोकांना गुण देण्याचा उद्योग मागाहून बोकाळला. तू ती मूळ कामासाठी वापर. गुगल स्कॉलरवर तुझ्या निबंधाखाली संदर्भांचा आकडा दिसतो, त्यावर टिचकी मार आणि त्या यादीतला एकेक निबंध उघड. काहींनी तुझं नाव प्रस्तावनेत पाच-सहा नावांच्या ओळीत कोंबलेलं असेल. ते सोडून दे. कुणी तुझी पद्धत वापरली असेल, कुणी तुझा निष्कर्ष खोडला असेल. या दोघांना पत्र टाक. खोडणाऱ्याला आधी.

सहकारी असेच मिळतात. तुझे आजवरचे सगळे सहलेखक एकाच गाईडचे विद्यार्थी आहेत. म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक असलेलंही एकच आणि न दिसणारंही एकच. खोडमाशीवर काम करणारा कीटकशास्त्रज्ञ गाठ, एखादा संख्याशास्त्रज्ञ गाठ. मात्र काम सुरू होण्याआधीच कोण काय करणार आणि नावांचा क्रम कसा, हे ई-मेलवर ठरवून घे. नुसती सही करणाऱ्या साहेबांचं नाव घालायचा आग्रह होईल, तेव्हा ती ई-मेल कामी येते. एकमेकांचे संदर्भ वाढवून देणाऱ्या टोळक्यांपासून लांब राहा, याहून जास्त त्यांच्यावर लिहायला नको.

एक बायकांच्या वाट्याला येणारी अडचण. लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही, हा तुझा आणि जावईबापूंचा प्रश्न. पण निबंधावर नाव बदललं की संगणक तुझी दोन माणसं करतो. आणि ‘एम. पाटील’ या नावाखाली किती जणींचे निबंध एकत्र होतात, ते मी रोज निस्तरलंय. संशोधकाची ओळख पटवणारा सोळा अंकी ऑर्किड क्रमांक फुकट मिळतो, तो या आठवड्यात काढ.

मुलाखतीला तीन निबंध घेऊन जा आणि प्रत्येकाचा कुणी, कसा उपयोग केला ते दोन-दोन वाक्यांत सांग. अर्जातल्या रकान्यात सहा हा आकडा मात्र न विसरता भर. रकाना रिकामा दिसला की छाननीचा कारकून अर्ज समितीपर्यंत जाऊच देत नाही.

तुझा,
नानामामा